पाहणीच्या दिवशी मी घरी नव्हतो

माझी बायको ब्लाउज शिवायची. विश्रांतवाडीत आमच्या इमारतीत आणि आसपासच्या सोसायट्यांत तिचं शिवण प्रसिद्ध होतं, आणि शिवणापेक्षा जास्त तिची जीभ. "ताई, उद्या नक्की मिळेल ना?" असं कुणी विचारलं की मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, "मिळेल की. बाह्या परवा घेऊन जा." बायका हसायच्या, बाहेर जाऊन तिला नावं ठेवायच्या आणि पुढच्या सणाला पुन्हा तिच्याकडेच कापड घेऊन यायच्या.

मी मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या आडत्याकडे कामाला होतो. पहाटे आलेल्या गाड्या उतरवून घ्यायच्या, माल बघायचा, हमाल आणि ड्रायव्हर यांची जुंपली की मध्ये पडायचं. मुलगी वाघोलीच्या कॉलेजात इंजिनीअरिंग शिकत होती, तिथंच हॉस्टेलवर राहायची. घरात आमची बोली दखनी, दाराबाहेर मराठी. पण बायको चिडली की घरातही मराठीवर यायची. म्हणायची, टोमणा मराठीतच नीट बसतो.

एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या ती उजवीकडे कलली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेले, आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. पण शब्द जिथून निघतात तिथं मार बसलाय. एखादाच शब्द सापडेल, आणि तोच सगळीकडे येईल. वेळ लागेल. किती, ते सांगता येणार नाही."

तिला सापडलेला शब्द होता 'नको'. भूक लागली तरी नको, पोट भरलं तरी नको. पंखा लाव याला नको, बंद कर यालाही नको. सुरुवातीला आम्ही दोघंही रडकुंडीला यायचो. हळूहळू मला फरक कळायला लागला. 'हो' म्हणायचं असलं की तिचा नको हळू, लांबवलेला यायचा. नाही म्हणायचं असलं की तोडून, दोरा दातानं तोडावा तसा. पण हे ओळखायला समोरच्याला थांबावं लागायचं, आणि आमच्याकडे येणाऱ्या कुणालाच थांबायला वेळ नसायचा.

मालकांनी माझी बरीच वाट पाहिली. मग एक दिवस त्यांचा फोन आला. ते नुसतेच इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि माझ्या जागी दुसरा माणूस घेतल्याचं मला त्यातून समजलं. त्यांचा राग आला नाही. गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. नातेवाईक यायचे, बिस्किटं ठेवायचे आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारायचे, "घरात दुसरं बाईमाणूस नाही का बघायला?" तिला धुणं-पुसणं, कुशीवर वळवणं, केस विंचरणं, भरवणं हे सगळं मी करतो याचं त्यांना कौतुक कमी आणि अवघडलेपण जास्त होतं.

योजनेबद्दल फिजिओथेरपी करायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं. घरच्या आजारी माणसाला पूर्ण वेळ सांभाळणाऱ्यांना दर महिन्याला काही मदत मिळते म्हणाल्या. "तुम्ही नोकरी सोडलीत ना? मग ती तुमच्याचसाठी आहे." मी कागद जमवले आणि शहरातल्या त्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचायला घेतला.

"सांभाळ करणारी व्यक्ती कोण?"

"मी."

"नातं?"

"नवरा."

"नवरा?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुटुंबात मुलगी लिहिलीये की."

"ती शिकते."

"बरं," त्या म्हणाल्या. "नवरा तर नवरा." आणि शिक्का मारला.

त्या दिवशी मला वाटलं, काम झालं. आता पाहणीला माणूस येईल, बघून जाईल, मग मंजुरी. खिडकीवरच्या बाईंनीही तसंच सांगितलं होतं. पण पाहणीला कोणी आलं नाही. फोन लावला की 'प्रक्रियेत आहे' एवढंच ऐकू यायचं. प्रत्यक्ष गेलो तर म्हणायचे, फोन करायचा होता, कशाला आलात. एकदा उत्पन्नाचा दाखला जुना झाला म्हणून नवा आणायला सांगितला. तो माझ्या हातात होता तेव्हा नवाच होता, त्यांच्या टेबलावर पडून जुना झाला होता. नवा आणेपर्यंत डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली.

यात सगळ्यात अवघड होतं ते घर सोडणं. ही मदत घर सोडू न शकणाऱ्यांसाठी, आणि ती मिळवायला घर सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक खेपेला बायकोपाशी कोण बसणार हा प्रश्न. समोरच्या दारात एक काकू राहायच्या, एकट्याच. त्या बसायच्या. पण त्यांचंही वय झालेलं. हिला उठवणं, वळवणं त्यांना जमायचं नाही. त्या नुसत्या शेजारी बसून टीव्ही बघायच्या आणि मी येईपर्यंत दोघीही घड्याळाकडे बघत असायच्या. रांगेत उभा राहून मी मनात घरातला प्रत्येक कोपरा तपासायचो. गॅस बंद केला का. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला उशी लावली का. पाण्याची बाटली डाव्या हाताशी ठेवली का.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी कार्यालयातून फोन आला. "उद्या सकाळी अकराला सगळी मूळ कागदपत्रं घेऊन या. उद्या आला नाहीत तर अर्ज निकाली काढावा लागेल."

"निकाली म्हणजे मंजूर?"

"निकाली म्हणजे निकाली, काका."

काकूंना त्याच सकाळी डोळ्याच्या ऑपरेशनच्या तपासणीला जायचं होतं. ती तारीख त्यांना किती मुश्किलीनं मिळाली होती हे मला माहीत होतं. मुलीला फोन केला, तिची परीक्षा होती. ती म्हणाली, "अब्बा, मी पेपर सोडून येते." मी म्हटलं, काही गरज नाही, काकू आहेत. खोटं बोललो.

दार नुसतं ओढून गेलो असतो तर? आमच्या दाराचा लॅच खराब होता, हलक्या धक्क्यानं उघडायचा. मागं एकदा असंच ओढून खाली गेलो होतो तेव्हा एक अनोळखी माणूस आत येऊन उभा राहिला होता, कुठल्या तरी कंपनीचा पत्ता विचारत. ती पलंगावर, बोलता येत नाही, हलता येत नाही. त्या दिवसाची तिच्या डोळ्यांतली भीती मी पाहिली होती. म्हणून मी बाहेरून कडीला कुलूप लावायचं ठरवलं. तिला समजावून सांगितलं. दोन तासांत येतो म्हटलं. बेडपॅन दिलं, पाणी ठेवलं, फोन डाव्या हाताशी ठेवला, जरी तो तिला लावता येत नव्हता.

ती म्हणाली, "नको."

कुठला नको, ते ऐकायला मी थांबलो नाही. उशीर होत होता.

कार्यालयात रांग जिन्यापर्यंत आली होती. माझा नंबर लागला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सगळे मूळ कागद आत घेतले आणि पडताळणीसाठी मागच्या टेबलावर पाठवले. "बसा तिकडं, नाव पुकारतील." मी बाकावर टेकलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, बहिणीच्या कागदांसाठी आलेले. ते मला काही सांगत होते आणि मी हूं हूं करत होतो. तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"अहो, मी आत्ताच आले. तुमच्या दारासमोर एक सरकारी माणूस उभा आहे. आणि अहो, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मोठा. मी हाका मारतेय, आतून काहीच येत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मी उठलो. मागच्या टेबलाकडे बघून म्हटलं, माझे कागद. तिथल्या माणसानं हातानंच थांबा अशी खूण केली. मी थांबलो नाही. आयुष्यभराचे दाखले तिथंच टाकून जिना उतरलो. जिन्यावरची माणसं मला वाट देत नव्हती, कारण त्यांना वाटलं मी रांग मोडतोय.

स्कूटरवर बसलो तर किल्ली भोकात जाईना. पुलावर गाड्या ठप्प. मी दोन रिक्षांच्या मधून घातली, आरसा घासला, मागून शिवी आली. एका सिग्नलला उभा राहिलो ते किती वेळ ते आठवत नाही. एवढं आठवतं की शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीनं हातातला मोबाइल खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं काहीतरी बोलत होतो. फोन पुन्हा लावला. काकू म्हणाल्या, "खालचे लोक कुलूप तोडायचं म्हणतायत. तोडू देऊ का?" मी म्हटलं, तोडा. मग म्हटलं, नको, दार तिच्या अंगावर जाईल. ती पलंग आणि दार यांच्या मध्ये पडली असेल तर. मग पुन्हा म्हटलं, तोडा. काकू म्हणाल्या, "एक काय ते सांगा."

मी पोचलो तेव्हा कुलूप तुटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे दोघे हातोडी घेऊन उभे होते. काकूंच्या डोळ्यांवर तपासणीनंतरचा काळा चष्मा होता. आणि एक तरुण निरीक्षक, पाठीला सॅक, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाइल. मी त्याच्याकडे न बघता कुलूप उघडलं.

ती पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत पडली होती, निम्मी कुशीवर. भुवईतून रक्त येऊन कानापर्यंत गेलं होतं. डोळे उघडे होते. बेडपॅन भरलं होतं आणि ती बाथरूमला जायला उठली असावी. डाव्या हातानं पलंगाची चादर एवढी घट्ट धरली होती की सोडवताना मला एकेक बोट उघडावं लागलं. मी तिला हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती पण काही बोलली नाही, तिचा तो एक शब्दसुद्धा नाही.

निरीक्षक आत आला. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि तिचे पाय धरले, मी खांदे धरले. पलंगावर ठेवलं. काकूंनी ओला टॉवेल आणला. हे सगळं त्यानं कुणी न सांगता केलं, ते मी विसरलेलो नाही. नंतरचंही विसरलेलो नाही.

"काका, तुम्ही कुठं होतात?" त्यानं विचारलं.

"तुमच्या ऑफिसात."

"आमच्या? कशाला?"

"तुमच्याच लोकांनी बोलावलं. आज आलो नाही तर अर्ज बाद म्हणाले."

"ते कागदपत्रांचं सेक्शन," तो म्हणाला. "माझं पाहणीचं. त्यांचं आम्हाला कळत नाही."

मग तो पलंगाजवळ वाकला. "मॅडम, जास्त लागलंय का?"

"नको," ती म्हणाली.

"हे रोज असं कुलूप लावून जातात का?"

"नको. नको. नको."

मी म्हणालो, तिला एवढा एकच शब्द येतो, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय. त्यानं विचारलं, कागद कुठाय? कागद त्यांच्याच टेबलावर होता. मोबाइलवर त्यानं बंद दाराचा फोटो मी यायच्या आधीच काढला होता, तो दाखवत म्हणाला, "हे वेळेसकट वर गेलंय, काका. मी आता बदलू शकत नाही." अर्जावरचं माझं नाव त्यानं पुन्हा वाचलं, कुलपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला दिसलं. पण एखाद्याच्या मनातल्याला उत्तर कसं द्यायचं. मी रिक्षा बोलवायला खाली धावलो.

भुवईला टाके पडले. हाड मोडलं नव्हतं. संध्याकाळी मुलगी वाघोलीहून आली, आईची पट्टी बघितली, मग माझ्याकडे वळली.

"काकू बसणार होत्या ना?"

मी दवाखान्यातली औषधं पिशवीतून काढून मांडू लागलो.

"अब्बा, मी एक वर्ष ड्रॉप घेते. सिरियसली. मी घरी राहते, तुम्ही कामाला जा. सिंपल आहे."

"सिंपल नाही."

"मग काय आहे? दर वेळी अम्मीला लॉक करून जाणार का?"

पलंगावरून आवाज आला, "नको." तोडून आलेला. तो कशाला होता, ड्रॉपला की कुलपाला, हे आम्ही त्या रात्री आपापल्या सोयीनं ठरवलं.

काही दिवसांनी मोबाइलवर निरोप आला. अर्ज स्थगित. शेरा असा की पाहणीच्या वेळी सांभाळ करणारी व्यक्ती अनुपस्थित, लाभार्थी कुलूपबंद आढळली, प्रकरण सुनावणीस. मुलीनं तो शेरा वाचून दाखवला, मी तिला पुन्हा वाचायला लावला. मदत गेली तर गेली. पण सुनावणीत काय ठरेल? बायकोला कोंडून ठेवणारा माणूस असं कागदावर लागलं तर पुढं कोण येईल, पोलीस येतील का, तिला माझ्यापासून दूर कुठल्या संस्थेत ठेवतील का. मला कायदा माहीत नव्हता, आणि ज्याला कायदा माहीत नाही त्याला सगळंच शक्य वाटतं.

सुनावणीची तारीख लागायला फार दिवस गेले. त्या काळात मी घराबाहेर पडणंच सोडलं. दूध काकू आणायच्या, भाजी खालून दोरीच्या पिशवीत वर घ्यायचो. मुलगी दर शनिवारी यायची आणि औषधं आणायची. जिन्यात बुटांचा आवाज आला की मी दाराशी जाऊन उभा राहायचो, घरी आहे हे दाखवायला. बायकोला हे सगळं दिसत होतं. एकदा मी असाच दाराशी उभा असताना तिनं डाव्या हातानं पलंगाच्या लाकडावर टकटक केलं, मी वळून पाहिलं तर ती माझ्यावर चिडलेली होती. कशाबद्दल, ते तिला सांगता येत नव्हतं आणि मला विचारायचा धीर नव्हता.

सुनावणीच्या नोटिशीत लाभार्थ्याला हजर करा असं लिहिलं होतं. कार्यालयाची लिफ्ट बंद. पहिल्या मजल्यावर जायला तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, एका बाजूनं मी, एका बाजूनं मुलगी, मागून तिथला एक शिपाई. मध्येच खुर्ची तिरकी झाली तेव्हा तिनं कठडा पकडला आणि सोडेना. माणसं वर-खाली आमच्या बाजूनं जात होती. तिनं सकाळी मुलीकडून खुणेनं निळा ड्रेस मागून घेतला होता, स्वतः शिवलेला, आता अंगावर सैल झालेला. जिन्यात त्याची बाही खुर्चीत अडकून उसवली.

अधिकारी बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी फाइल वाचली, तिला बघितलं, मला बघितलं.

"तुम्ही आणि मुलगी बाहेर थांबा. मी यांच्याशी एकटीनं बोलणार."

"मॅडम, तिला फक्त नको म्हणता येतं. हो असलं तरी नको. तुम्हाला कळणार नाही."

"म्हणजे त्या काहीही म्हणाल्या तरी अर्थ तुम्ही सांगणार?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. आम्ही बाहेर आलो. मध्ये धुरकट काचेचं पार्टिशन होतं, वरून उघडं. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

"तुमचे मिस्टर तुम्हाला त्रास देतात का?"

"नको."

"मारतात का?"

"नको. नको."

"म्हणजे नको मारू, असं म्हणायचंय का?"

मुलीनं माझा दंड धरला. मी उठलो होतो, ते मला तिनं धरल्यावर कळलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अधिकारी बाईंनी असं काही विचारायला सुरुवात केली की मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय.

"हा पंखा आहे का?"

"नकोऽ."

"ही म्हैस आहे का?"

"नको."

"आपण पुण्यात आहोत ना?"

"नकोऽ."

"मुंबईत आहोत?"

"नको."

मुलगी माझ्या कानात पुटपुटली, "अब्बा, त्या टेस्ट करतायत." मलाही तेव्हाच उमगलं. ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत असे प्रश्न विचारून त्या तिचा हो कुठला आणि नाही कुठला ते शिकत होत्या. त्यांनी आणखी काही विचारलं, खिडकी, शिपाई, तिचं नाव, चुकीचं नाव. चुकीच्या नावाला बायकोचा नको इतका फाडकन आला की आत बाई हसल्या. इतक्या दिवसांत घरी येणाऱ्यांपैकी कोणी एवढा वेळ थांबलं नव्हतं.

मग खरे प्रश्न पुन्हा आले, एकेक करून.

"मिस्टर मारतात?" तोडून नको.

"उपाशी ठेवतात?" तोडून.

"तुमचं सगळं तेच करतात?" लांबवलेला, हळू.

"दुसऱ्या कुणी करावं असं वाटतं?" इथं ती थांबली. मग असा एक नको आला जो मला कुठल्याच बाजूला बसवता आला नाही. बाईंनाही आला नसावा. त्यांनी तो प्रश्न सोडून दिला.

"बाहेरून कुलूप लावतात ते तुम्हाला चालतं?"

"नको." आणि लगेच पुन्हा, "नको." टेबलावर तळहात आपटल्याचा आवाज झाला.

मी खाली फरशीकडे बघत राहिलो. कुलूप लावून निघालो त्या सकाळी ती हेच म्हणाली होती.

आत बोलावलं तेव्हा बायकोच्या कपाळावर घाम होता आणि ती ताठ बसली होती. अधिकारी बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "तुमच्याबद्दल त्यांची तक्रार नाही. कुलपाबद्दल आहे. पुन्हा लावायचं नाही."

"मग मला पुन्हा बोलावू नका, मॅडम," मी म्हणालो.

मुलीनं मला कोपर मारलं. बाईंनी पेन थांबवलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी फाइल चाळली, कागदांसाठी बोलावल्याची नोंद शोधली, पाहणीची तारीख शोधली, दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बघितली. "एकाच दिवशी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. शिपायाला म्हणाल्या, पाहणीवाल्यांना वर बोलव. माफी कुणी मागितली नाही, पण शेरा रद्द झाला आणि नव्यानं पाहणी करायचं ठरलं. मला आगाऊ कळवून.

त्या दिवशी घरी आल्यावर मी कडी-कुलूप काढून टाकलं आणि लॅच दुरुस्त करून घेतला. एक चावी काकूंकडे, एक खालच्या मजल्यावर. बायकोला दाखवलं. तिनं मान हलवली. मी म्हटलं, त्या दिवशी मी ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तोंड भिंतीकडे वळवलं. ती लगेच विरघळणाऱ्यातली कधीच नव्हती.

पाहणी झाली, तोच निरीक्षक आला. तो चहाला थांबला नाही, पण जाताना हेल्मेट घालून दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, त्या दिवशी मी नुसता फोटो काढायला नको होता. आधी फोन करायला हवा होता." मी म्हटलं, फोन नंबर अर्जावर होता. तो म्हणाला, "होता."

तरीही पैसे आले नाहीत. अधिकारी बाईंची बदली झाली. मग मंजुरीची बैठक व्हायची होती, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तर खात्यात निधी नव्हता. या सगळ्यात मी स्कूटर विकली. बायकोनं मशीनकडे बोट दाखवलं, ते विक म्हणून. तिला बरोबर कळलं होतं काय चाललंय. मी नाही म्हटलं, मुलगी नाही म्हणाली, आणि यावरून घरात खरोखरचं भांडण झालं, एका बाजूनं फक्त एक शब्द असलेलं, तरी भांडणच. मशीन राहिलं.

शेवटी एका सकाळी बँकेचा निरोप आला. अर्ज केला तेव्हापासूनची तिसरी दिवाळी जवळ आली होती. रकमेनं आमचं घर चालत नाही, पण पलीकडच्या गल्लीतली एक बाई सकाळी काही तास येऊन बसू लागली, तेवढं त्या रकमेत बसत होतं. पहिला आठवडाभर बायकोनं तिला पाण्याचा पेलासुद्धा हाती घेऊ दिला नाही. आता दोघी मिळून टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूवर चिडतात. मी जुन्या मालकांकडे गेलो. त्यांनी अर्ध्या दिवसाचं काम दिलं, गाड्यांचं नाही, आतलं, बसून करायचं. मुलगी एक परीक्षा मागं पडली होती, ती तिनं भरून काढली.

मंजुरी मात्र दुसऱ्या पाहणीच्या तारखेपासून धरली आहे. त्याआधीचा सगळा काळ, मी नोकरी सोडून घरी बसलेला, त्यांच्या हिशेबी झालाच नाही. मला ते सोडून द्यायचं होतं. पुन्हा ती खिडकी, तो जिना, माझ्यात ताकद नव्हती. मुलीनं मला न विचारता अपील लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. बायकोनं पूर्ण ऐकलं. मग डाव्या हातानं सही केली, वेडीवाकडी, पण स्वतःची. हल्ली तिला आणखी चार-पाच शब्द सापडले आहेत. अपील भरायला मुलगी आणि मी दोघं गेलो, घराला कुलूप न लावता. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.